बेटावर बोलायला माणूस

आम्ही सौदीतल्या फरसान बेटावर राहतो. मी इथल्या इस्पितळात नर्स आहे आणि माझे मिस्टर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. दोघंही रत्नागिरीकडचे. यांचा एक दोस्त होता, आमच्याच गावचा. एका जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, दोघं मासे पकडायला गेले आणि वाऱ्याने होडी उलटली. हे पोहून आले. दोस्त सापडलाच नाही.

त्यानंतर हे दुपारच्या जेवणाला तिसरं ताट मांडू लागले.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"हात धुतोय तो. येईल."

आणि खरंच, न्हाणीघरात नळ वाहत असायचा. मी जाऊन बंद करायची. आत कुणी नसायचं.

आमच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. "पण सिस्टर, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही," ते म्हणाले. "लायसन्स असलेली क्लिनिकल सोशल वर्कर शोधा, बोलून मनावर उपचार करणारी." बेटावर तशी कुणीच नव्हती. विचारपूस करता करता समुद्रापलीकडच्या जिझान शहरातल्या एका बाईंचा पत्ता लागला. पण यांना फेरीबोटीत बसवणार कसं? बोटींचा धक्का दिसला तरी हे मागे फिरायचे. मी फोनवर बाईंना तसं सांगितलं.

"मग मीच येते," त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला समुद्र खवळला, फेरी सुटलीच नाही. पुढच्या आठवड्यात त्या आल्या, बोट लागून चेहरा पांढराफटक पडलेला. यांची अरबी मोडकीतोडकी, म्हणून मी दुभाषी व्हायला आत बसले.

"तू बाहेर थांब," बाई म्हणाल्या. "मोडकीतोडकी अरबी चालेल मला. तुझ्यासमोर तो तुला जपून बोलेल."

मी बाहेर बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने आतून हंबरडा ऐकू आला. यांनी दोस्ताचं नाव घेतलं होतं. होडी उलटल्यापासून आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

बाई दर महिन्याला येत राहिल्या. हळूहळू यांना झोप लागू लागली. एके दिवशी यांनी स्वतःहून दोस्ताच्या आईला फोन लावला.

त्याच सुमारास निघता निघता बाईंनी मला विचारलं, "आणि तू?"

'मला काय झालंय' म्हणायला मी तोंड उघडलं.

"तो मला भाभी म्हणायचा," मी म्हटलं. "अजून हाक मारतो. वॉर्डात असले की मागून."

त्यांनी पर्स खाली ठेवली. परतीची फेरी त्या दिवशी त्यांना न घेताच गेली. आता बाई आल्या की आधी हे आत जातात, मग मी.