काकूंची डावी भुवई

काकू "शी!" म्हणायच्या तेव्हा जर्सी सिटीच्या आमच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची. सुपरिटेंडेंट म्हणायचा वायरिंगचा प्रॉब्लेम आहे. त्याला काय कळतंय!

ही "शी" एकदम यायची नाही. आधी डावी भुवई सावकाश वर जायची, थिएटरचा पडदा उचलावा तशी. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना घड्या पडायच्या. मग ओठांची टोकं खाली वळायची. आणि सगळी तयारी झाल्यावर तो शब्द बाहेर पडायचा. छोटा, कोरडा. मेलेलं झुरळ चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकावं तसा. ज्याच्यावर पडायचा तो माणूस दोन दिवस स्वतःचा वास घेत फिरायचा.

माझी त्यांची ओळखही त्या शब्दानेच झाली. लिफ्टमध्ये एक गोरी बाई कुत्र्याला बाबागाडीत बसवून घेऊन चालली होती. कुत्र्याच्या अंगात स्वेटर, गळ्यात बो आणि गाडीच्या दांड्याला भोपळ्याच्या वासाची कसलीशी कॉफी अडकवलेली. कोपऱ्यात नऊवारीत नव्हे, पँट आणि कुर्त्यात उभ्या असलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी भुवई उचलली. कुत्र्याने मान खाली घातली. खरंच घातली.

"मराठी का हो?" मी विचारलं.

"शी म्हटल्यावर कळलं ना? मग विचारतोस कशाला?"

त्या माझ्या वरच्याच मजल्यावर राहायच्या. मुलगा आणि सून सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचे आणि दिवे लागल्यावर परत यायचे. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण ते कोणी घेत नसे. इमारतीतल्या दीडशे देशी कुटुंबांच्या त्या काकू. मी घरून काम करणारा कम्प्युटरवाला. दुपारी चहाला वर जायचो, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या नावासमोर हिरवा ठिपका आपला एकटाच काम करत बसायचा.

वर टीव्ही चालू असायचा. दिवसभर जुने सिनेमे दाखवणारं एक चॅनल काकूंनी शोधून काढलं होतं. त्यातले अमेरिकन सिनेमे लागले की त्या भाजी निवडायच्या. इंग्लंडहून आलेली नटी दिसली की भाजी बाजूला. लहानपणी वडील त्यांना दर रविवारी पुण्याच्या कॅम्पात मॅटिनीला न्यायचे, तेव्हापासूनचं हे वेड. नट्यांची नावं मात्र त्यांनी स्वतःच ठेवलेली होती. एक होती चहावाली. एक घोडेवाली. आणि सगळ्यांत लाडकी उंच मान. तुम्ही आम्ही दिवंगत आत्याबद्दल बोलतो तशा जिव्हाळ्याने त्या या बायकांबद्दल बोलायच्या, आणि तेवढ्याच चिडीने त्यांना वागवणाऱ्यांबद्दल.

"वीस वर्षांची पोर," काकू सांगायच्या, "लंडनच्या नाटकातून उचलली, बोटीत घातली, इकडे आणली. उतरली नाही तर म्हणे दात सरळ कर. मग म्हणे केस पिवळे कर. मग म्हणे भुवया काढून टाक. भुवया! अरे, नटीच्या भुवया काढल्यावर उरतं काय? उकडलेला बटाटा? शी!"

पुढची हकीकत त्यांना तोंडपाठ होती. पंधरा वर्षं नटीने जिन्यावर उभं राहून हिरोकडे बघायचं. मग पस्तिशी येते.

"आता बघ, बघ," एकदा त्यांनी माझा हात धरून टीव्हीकडे वळवलं. पडद्यावर घोडेवाली केसांत पांढरी पावडर लावून बसलेली. "हा हिरो तोच. मागच्या सिनेमात हिच्या गळ्यात पडून रडत होता मेला. आता हिला 'मदर' म्हणतोय! पोट बघ त्याचं. टोप बघ. हिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा असेल. आणि ही त्याची आई?"

"काकू, आपल्याकडेही हेच चालतं."

"म्हणून काय, ते चांगलं?" मी कप तोंडाला लावला.

आई झाली की पुढे नुसता चहा. त्या नट्यांनी सिनेमांत जेवढा चहा ओतला असेल तेवढा इंग्रजांवर चिडलेल्या अमेरिकनांनी बोस्टनच्या बंदरातही ओतला नव्हता. चहा संपला की नटी वेडी होते. वेडाने भागलं नाही की हातात कुऱ्हाड येते, गाऊन फाटका होतो, आणि लंडनमध्ये मोठमोठ्या राण्या रंगवलेली बाई वटवाघळांच्या सिनेमात किंचाळत जिना उतरते. कुऱ्हाड पेलेनाशी झाली की प्रेत.

"आणि प्रेत झालं," काकू म्हणायच्या, "की त्यांची राणी बोलावते आणि पदवी देते. म्हणजे आता तुम्ही बसून राहा, बघायला छान दिसता. शी!"

ही शी मात्र पडल्यावर बराच वेळ खोलीत राहायची. चहाला तिचा वास यायचा.

एका दुपारी त्या लाडक्या उंच मानेचा म्हातारपणचा एक सिनेमा लागला. तिला एकही वाक्य नव्हतं. चाकाच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसलेली, आणि भोवती नातेवाईक घरावरून भांडतायत. चांगली दहा मिनिटं ओरडत होते सगळे. ती फक्त बशीतून उचललेल्या बिस्किटाकडे बघत होती. मग तिने एक भुवई जराशी उचलली आणि बिस्किट परत ठेवलं.

"बोलतायत कोण?" काकूंनी विचारलं.

"बाकीचे."

"आणि तू बघतोयस कोणाकडे?"

"तिच्याकडे."

"झालं तर," काकू म्हणाल्या, आणि माझ्या समोरच्या बशीतलं शेवटचं बिस्किट उचलून खाल्लं.

आता मंडळाकडे येतो, आणि आधी हात धुऊन येतो. परदेशातल्या मराठी मंडळांवर माझं फार प्रेम आहे. लांबून. आमच्या मंडळाचं गणपतीत एक नाटक व्हायचं. अध्यक्ष दिग्दर्शक, अध्यक्षीणबाई नायिका, आणि उरलेल्या भूमिका खजिनदारापासून खाली उतरत जायच्या. नायिकेचं वय पंचवीस. अध्यक्षीणबाईंना ते दरवर्षी पंचवीसच राहावं असं वाटे, आणि नाटककाराची काय बिशाद! मी सेट उभारायचो. कोड लिहिणारा माणूस हातोडी धरली की स्वतःला विश्वकर्मा समजतो. म्हणून काकू मला "सुतार" म्हणायच्या.

त्या वर्षी वाचनाच्या दिवशी काकू आल्या. चांगली कॉटनची साडी, केसांत गजरा. गजरा ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातून मुद्दाम आणवलेला. बँकेत होत्या तेव्हा त्यांनी आंतरबँक स्पर्धेत कामं केली होती, लग्नाआधी. नाटकात आत्याची भूमिका होती, ती त्यांनी पाठ करून आणली होती. सगळी. माझ्यासमोर स्वयंपाकघरात म्हणून दाखवली होती तेव्हा कुकरनेसुद्धा शिट्टी आवरून धरली होती.

अध्यक्षांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. असा माणूस हात हातात घेतो तेव्हा समजावं, काही मिळायचं नाही.

"काकू, तुम्हाला कशाला त्रास? पाठांतर, उभं राहणं, प्रवेश... आत्या आपली ट्रेझररची मिसेस करतेय. तुमच्यासाठी एकदम स्पेशल ठेवलंय."

"काय?"

"नायिकेची दिवंगत सासू. भिंतीवर फोटो लागेल, हार घातलेला. संपूर्ण नाटकभर तुम्ही स्टेजवर! तुमचा एखादा प्रेमळ फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, आम्ही एन्लार्ज करू."

मी तिकडे आमच्या इमारतीतली लिफ्ट थांबायची वाट बघत होतो. काही झालं नाही. काकू "बरं" म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

घरी जाताना गाडीत त्यांनी केसांतला गजरा काढून पर्समध्ये ठेवला.

"हिरॉईन झाले," त्या म्हणाल्या. "मग आई झाले. मग इथे येऊन चहा ओतला. आता डायरेक्ट भिंतीवर. मधली कुऱ्हाडसुद्धा दिली नाही रे त्यांनी."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

"मला एकदा स्टेजवर जिवंत उभं राहायचंय, सुतार. मग लावा कुठे लावायचा तो फोटो."

गाडी पार्किंगमध्ये लावेपर्यंत आमचं ठरलं होतं.

दिवाणखान्याच्या भिंतीच्या प्लायवूडला मी एक सुबक चौकोनी भोक पाडलं. त्याला सोनेरी चौकट, वरून जाळीचं पातळ कापड, मागे उंच स्टूल. अध्यक्षांना सांगितलं, फोटो मोठा आहे, मागून दिवा टाकावा लागेल, शेवटच्या दिवशीच बसवतो. ते म्हणाले, "ग्रेट, ग्रेट," आणि बायकोच्या पदराकडे वळले. काकू तोपर्यंत घरी सराव करत होत्या. टीव्हीसमोर पाटावर बसायचं आणि एक अख्खा सिनेमा हलायचं नाही. सून एकदा लवकर घरी आली आणि सासूबाई डोळे उघडे ठेवून निश्चल बसलेल्या बघून किंचाळली. काकू खूष! "जमतंय," मला फोन केला.

प्रयोगाच्या दिवशी हायस्कूलचा हॉल भरलेला. पडदा उघडला. भिंतीवर हार घातलेली सासू, चेहऱ्यावर मंद स्मित. लोक म्हणाले, काय सुंदर प्रिंट आहे. पहिला अर्धा अंक काकू हलल्या नाहीत. श्वास कुठून घेत होत्या ते मला आजही माहीत नाही. मी मागे उभा होतो, माझाच थांबला होता.

मग अध्यक्षीणबाई चौकटीसमोर येऊन उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि पंचविशीच्या आवाजात म्हणाल्या, "आई अगदी देवासारख्या होत्या!"

काकूंची डावी भुवई वर गेली.

पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षीणबाईंना वाटलं पदर सुटला. त्यांनी पदर सावरला आणि पुढे म्हणाल्या, "त्यांनी मला लेकीसारखं वागवलं!" भुवई आणखी वर. नाकाला घडी. हॉलमध्ये हशा दाटून आला. अध्यक्षीणबाई घाबरल्या, पुढचं वाक्य विसरल्या आणि घाईघाईत नैवेद्याचं ताट चौकटीसमोर ठेवलं. त्यात नाटकाचं सामान बघणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने होलसेल दुकानातले फ्रोझन समोसे ठेवले होते, मायक्रोवेव्हमधून काढलेले, लोळागोळा झालेले.

काकूंनी डोळे खाली केले. समोशांकडे बघितलं. ओठ वळले.

"शी!"

त्यानंतरच्या हशाने हायस्कूलच्या छताचे तीन पत्रे उडाले आणि शेजारच्या गावात सापडले. आत्या करणारी खजिनदारीणबाई हसून खुर्चीवरून पडली. म्हाताऱ्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या टाळ्या हसणाऱ्यांच्या नव्हत्या. मी मागे स्टुलाच्या बाजूला जाऊन बघितलं. चौकटीत काकू पुन्हा निश्चल, मंद स्मित. फक्त मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

नंतर अध्यक्ष लालबुंद होऊन आले. "काकू, नाटकाची काही शिस्त असते!"

"मी कुठे हलले?" काकू हार काढत म्हणाल्या. "भुवई हलली."

पण टाळ्या कोणाला नको असतात? पुढच्या वर्षीच्या नाटकासाठी अध्यक्ष स्वतः पेढे घेऊन काकूंच्या घरी आले. "काकू, या वेळी खास तुमच्यासाठी लिहून घेतलंय. भूत!"

ते गेल्यावर काकू पेढ्याकडे बघत बसल्या. "बघ," म्हणाल्या, "आलेच ना शेवटी वटवाघळांवर. शी!" ती शी फार हलकी होती. लिफ्ट चालू राहिली.

भूतही त्यांच्या वाट्याला आलं नाही. मुलाची नोकरी बदलली आणि सगळे टेक्ससला, फ्रिस्कोला गेले. तिथून फोन यायचा. "सगळी घरं एका साच्यातली रे. काल मी शेजारणीच्या घरात शिरून तिचा फ्रिज उघडला. आत काय होतं विचारू नकोस. शी!" मग फोन कमी झाले. मग एक दिवस मुलाचा आला.

मी गेलो. मोठं घर, पांढऱ्या भिंती. भिंतीवर काकू. हार घातलेल्या.

फोटो ग्रीन कार्डचा होता, मोठा केलेला. दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर भाव नकोत, अशा नियमात काढलेला. सत्तर वर्षं त्या चेहऱ्याने जे जे केलं ते सगळं पुसून टाकलेलं. उकडलेला बटाटा. साखरेच्या पाकातल्या आवाजात लोक "किती शांत दिसतायत" म्हणत होते, आणि मला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं. ही बाई शांत? ही?

सून हात जोडून फोटोसमोर उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते. "आई अगदी देवासारख्या..." म्हणाली, आणि थांबली. तिने झटकन वर, फोटोतल्या डाव्या भुवईकडे बघितलं. मुलाने बघितलं. जर्सीहून आलेले आम्ही जेवढे होतो त्या सगळ्यांनी बघितलं.

मी आयुष्यभर वाढवून सांगत आलोय. लिफ्ट, कुत्रा, पत्रे, तुम्ही निम्मं गाळून घेतलं असेलच. आणि इथे तर मला सांगायला किती सोपं होतं, तुम्हीही वाटच बघताय.

नाही हलली.