भट्टीवरचा श्वास

सैन्यभरतीच्या फॉर्मवर आमच्या धाकटीने खरं तेच लिहिलं: लहानपणी दमा होता, बारा वर्षांची झाल्यापासून नाही. "आ बैल मुझे मार, कशाला?" आई करवादली.

तपासणीत डॉक्टरबाईंनी श्वास मोजायची नळी तिच्या हातात दिली. भट्टीवर वितळलेली काच नळीने हळुवार फुंकून फुगवण्यात धाकटीची तीन वर्षं गेलेली. नळी ओठांना लागली आणि तिला टोकाशी केशरी, मधासारखा दाट गोळा फुगताना दिसू लागला. बोटं आपसूक नळी फिरवू लागली, श्वास अलगद वाहत राहिला.

"जोरात फुंक गं! आकडा चढेना."

"फुटेल ना!" ती दचकून म्हणाली.

बाई हसल्या. "काय फुटायचंय ते फुटू दे."

धाकटीने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा काच खुशाल फुटू दिली. बाईंनी आकडा पाहिला आणि फॉर्मवरच्या ‘दमा’पुढे लिहिलं: होता.