खंडेनवमीला बंद झालेली वेबसाइट

ती चौकशी मला अजून लख्ख आठवते, आणि आठवली की थोडं ओशाळायलाही होतं. कागदोपत्री ती चार दिवसांत मिटली. त्या चार दिवसांत एका मुलीला माझ्यामुळे जे सोसावं लागलं, त्याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

डहाणू भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी निरीक्षक होतो. दसऱ्याचा बंदोबस्त नुकताच उठला होता. एका शिक्षणसंस्थेचे सेक्रेटरी तक्रारी अर्ज घेऊन आले. संस्थेचं ऑफिस आमच्या हद्दीत, वसतिगृहं तलासरी तालुक्यात होती. तिथल्या मुलांचे दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज स्कॅन करून संस्थेच्या वेबसाइटवर चढवलेले असत. वेबसाइट बंद पडली होती आणि चढवलेलं सगळं नाहीसं झालं होतं. अर्ज पुढे पाठवायला आठवडा उरला होता.

"आमच्या जुन्या कॉम्प्युटर मॅडमचं काम आहे हे," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्याशी भांडून राजीनामा दिला. जाताना सगळ्यांसमोर बोलली, हे एक दिवस बुडणार. आता बुडवलं. सरळ गुन्हा दाखल करा, साहेब."

वेबसाइट ऑफिसातल्याच एका मशीनवर, त्यांच्या सर्व्हरवर, चालायची; सोबत त्या मशीनच्या नोंदीचा छापील कागद होता. खंडेनवमीच्या सकाळी त्या मुलीच्या नावाने लॉगिन झालेलं, आणि लगेच मशीन बंद करण्याचा हुकूम दिलेला. पुरावा असा हातात आयता आला की माझ्यासारखा जुना पोलीसही खूश होतो. आयटी कायद्याचा तपास निरीक्षकालाच करावा लागतो, म्हणून फिर्यादीचा मसुदा मीच करून ठेवला. आरोपीच्या रकान्यात तिचं नावही लिहिलं. फक्त नोंदवण्याआधी तिला एकदा विचारावं असं ठरवलं.

महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, आपणच तिच्या घरी जायचं, असा नियम आहे. चांगला नियम आहे. म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन मी जीपने रानशेतच्या बाजूला तिच्या पाड्यावर गेलो. भात पिवळं पडलं होतं, माणसं बांधावर होती. विळे हातात धरून सगळे गाडीकडे बघत राहिले. माझं तिकडे लक्ष होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नाही.

मुलगी पंचविशीची, शांत. बोईसरच्या एका कंपनीत तिची निवड झाली होती, पोलीस पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा नोंदला असता तर ती नोकरी गेलीच असती.

"तुमचा पासवर्ड कोणाला माहीत होता?"

"सगळ्यांना, सर. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या म्हणून मी तीनदा लिहून दिलं. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा, इथे लाइट जाते, हेही सांगितलं. सेक्रेटरी सर म्हणाले, आपलं मशीन आपल्या घरात बरं."

"संस्थेचं काही तुमच्याकडे आहे?"

ती क्षणभर दाराकडे बघत राहिली. "नाही."

हे 'नाही' खोटं होतं, एवढं मला कळलं. खोटं कशासाठी, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. आमच्या हवालदाराला कॉम्प्युटरची जाण होती. त्याने नोंद पाहून सांगितलं, "सर, हे लॉगिन बाहेरून झालेलं नाही. ह्याच खोलीत, ह्याच कीबोर्डवरून झालंय." म्हणजे त्या सकाळी खोलीत कोण होतं एवढाच प्रश्न उरला. पंचनामा लिहिताना झेरॉक्स मशीनवर हळदीकुंकवाचं बोट दिसलं. कपाटावर दिसलं. सर्व्हरवरही दिसलं.

खंडेनवमीला आम्हीही ठाण्यात शस्त्रपूजा करतो. पण भरलेली रायफल कोणी पूजेला मांडत नाही. आधी रिकामी करतो, पुसतो, मग पाटावर ठेवतो. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. मग चालू मशीनची पूजा कोण करेल?

तिथले वयस्कर कारकून कोपऱ्यात फाइल चाळत होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "काका, पूजा छान झाली होती का?"

फाइल त्यांच्या हातातून खाली गेली. "साहेब, मॅडमनीच कागदावर लिहून दिलं होतं बंद कसं करायचं. तसंच केलं, अगदी नियमाने. मग ते दोन काळे डबे काढून पाटावर मांडले. पंचामृत शिंपडलं. जरा जास्तच झालं."

ते डबे म्हणजे हार्ड डिस्क; एका डब्यात मूळ माहिती होती आणि दुसऱ्यात तिची प्रत. दोन्ही एकाच टेबलावर, म्हणून दोघांनाही एकदमच स्नान घडलं. काकांच्या निवृत्तीला एक वर्ष होतं. मॅडमवर आळ आलेला दिसत असूनही ते घाबरून गप्प बसले होते.

मी पुन्हा पाड्यावर गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती आत गेली. नागलीच्या पिठाच्या डब्यातून पिशवीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह घेऊन आली.

"एक प्रत दुसऱ्या गावात असावी म्हणून दर शनिवारी काढायची, सर. राजीनाम्याच्या दिवशी शेवटची काढली. देणार होते, पण भांडण झालं. नंतर वाटलं, दाखवली तर चोरीच म्हणाल."

तसंच म्हटलं असतं मी. मसुदा तयारच होता. पेनड्राइव्ह तिने स्वखुशीने हजर केल्याचा पंचनामा केला, आणि मुलांचे अर्ज वेळेत गेले.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्याही ऑफिसला लागू आहे. लॉगिन ज्याचं त्याचं वेगळं हवं, नाहीतर नोंदीत नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा. प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि ती उघडते का हे अधूनमधून बघा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी किल्ली बदला; त्यात त्याचाही बचाव असतो. हे शहाणपण घेऊन मी ठाण्यात परतलो आणि आधी स्वतःचा पासवर्ड बदलला. तो आमची लिखापढी करणाऱ्या रायटरला, दोन हवालदारांना आणि बहुतेक चहावाल्यालाही पाठ होता.

त्याआधी, पाड्यावरच जबाबावर सही करताना तिने प्रत्येक ओळ वाचली होती. मग म्हणाली, "सर, तुम्हाला कळायला चार दिवस लागले. आमच्या पाड्याला कोण सांगणार? आई पाणी भरायला गेली की बाया तिला विचारतात, पोरीने काय केलं."

मला लाज वाटली. पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा नाही' असं लिहून तिची नोकरी वाचत होती, पण पाडा काही तो कागद वाचणार नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गणवेशात, मी तिच्या अंगणात जाऊन खाटेवर बसलो. माणसं जमली. मी मोठ्याने सांगितलं, की हिने काही केलेलं नाही, उलट हिच्यामुळे पोरांचे अर्ज वाचले, आणि चूक आमची होती. नोकरीत असताना 'चूक आमची' हे शब्द मी फार वेळा उच्चारलेले नाहीत.

तिच्या आईने कोरा चहा दिला. निघताना आई फाटकापर्यंत आली. त्या भागातल्या म्हाताऱ्या बाया साहेबालाही अरेतुरेच करतात, आणि ते कानाला गोड लागतं.

"येत जा रे साहेब," ती म्हणाली. "पण ही गाडी नको आणू."