ताईची विमानांची कार्डं

ताईचं कार्ड आजही वेळेवर आलं, तरी धाकट्या बहिणीची काळजी काही मिटेना.

"आई, तू काळजीचं दुकानच टाक," कॉलेजला निघालेली लेक म्हणाली. "मावशीनं लिहिलंय ना, मजेत आहे म्हणून?"

लिहिलं होतं खरं. ताई एकटी राहायची. कानाला यंत्र लावायचा कंटाळा, त्यामुळे फोन उचलायची नाही. आठवड्याला एक कार्ड धाडायची. कार्डंही तिच्या नोकरीतली. जेट विमानं नुकती उडू लागली होती तेव्हा ती हवाईसुंदरी झाली. चित्रात चांदीसारखं चकचकीत विमान, खिडक्यांखाली निळा पट्टा. प्रवाशांना वाटून उरलेली ती घरी आणायची.

"एवढ्या उंचावर जीव गुदमरत नाही का गं?" दोघी बहिणींची आई तेव्हा विचारायची.

"गुदमरतो की! पण आमचा गणवेश इतका घट्ट, की उंचीमुळे का त्याच्यामुळे, ते कळत नाही."

आई हसायची, पण 'सुखरूप पोचले' असं कार्ड येईपर्यंत तिला घास गिळवत नसे.

ती कार्डं ताई निघण्याआधीच लिहायची, हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. उतरल्यावर पाय सुजलेले, टपालपेटी शोधणार कोण? इथल्याच विमानतळावरचा कारकून दोन दिवसांनी कार्ड पेटीत टाकायचा. एकदा इंजिन बंद पडून विमान भलतीकडेच उतरलं. ताईचा तीन दिवस पत्ता नव्हता आणि इकडे आई शेजारणीला कार्ड दाखवत होती, "पोचली हो माझी पोर!"

हे आठवलं आणि धाकटी उठली. तिनं महिन्याभराची चार कार्डं काढून टेबलावर मांडली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या विमानाच्या चंदेरी पोटावर आधीच्या कार्डाची ओली शाई उलटी उमटली होती. चारही एका बैठकीत लिहून एकावर एक ठेवलेली. ताईच्या इमारतीखालचा झेरॉक्सवाला कार्डं पेटीत टाकतो, हे तिनंच मागे सांगितलं होतं. गठ्ठा त्याच्याकडे असणार. म्हणजे महिनाभर ताई कशी आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं ताईचा नंबर लावला. फोन वाजून वाजून बंद झाला.

मागे एकदा तिनं असाच चौकशीला माणूस पाठवला होता. "मला मेलेली समजलीस काय?" म्हणून ताईनं सहा महिने अबोला धरला होता.

धरू दे. अबोला धरायला तरी ती असू दे.

'दार उघडलं नाही तर सरळ कडी तोडा,' हे परक्या माणसाला कसं सांगायचं, ते मनाशी जुळवत तिनं झेरॉक्सवाल्याचा नंबर काढला.