काकींच्या वजनाची मोटर

आमच्या दुकानात बॅटरी घ्यायला आलेला माणूस आधी भाव विचारतो, मग गॅरंटी विचारतो, आणि मग शेजारच्या दुकानात जातो. आप्पा साळवी पहिल्यांदा आले ते थेट काउंटरच्या मागे. खाली ठेवलेली ट्रकची बॅटरी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, स्टुलावर बसले, ती मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता हे तिला अंगाई म्हणणार. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि ही बॅटरी उचलताना मी स्वतः भैरीला नवस बोलतो. जरा वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "चालताना देईल ही. वळताना देईल काय?"

मी बंदरावरच्या लाँचींना बॅटऱ्या विकतो. पूर्णगडच्या एका तांडेलाने इंजिन बंद पडल्यावर निव्वळ माझ्या बॅटरीच्या जोरावर लाँच किनाऱ्याला लावली, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो; तो तांडेल समोर असला तर तोही मान डोलावतो. पण बॅटरीच्या वळण्याची चौकशी माझ्याकडे कुणी केली नव्हती. गाडी कुठली, म्हणून विचारलं.

"रणगाडा," आप्पा म्हणाले.

आप्पा फौजेत रणगाडा चालवायचे. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि रत्नागिरीत घर बांधून राहिले. त्या घराच्या अंगणात आता ते रिमोटवर चालणारा रणगाडा बनवत होते, लोखंडी अँगल, प्लायवूड आणि भंगारातल्या साखळ्या जोडून. तो खऱ्याच्या जेमतेम निम्मा आहे असं मी गावभर सांगितलं होतं. निम्मा कसला, पाव होता, पण त्याच्यावर माणूस आरामात बसेल एवढा.

माणूस कोण, ते ठरलेलं होतं. आप्पांची नोकरी वाळवंटात गेली आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकींचं, तारुण्य पालीच्या पुढच्या गावात, सासूसासरे, गुरं आणि भातशेती सांभाळण्यात. सुट्टीवर आले की आप्पा रणगाड्याच्या गोष्टी सांगायचे आणि सुट्टी संपली की त्याच्याकडेच परत जायचे. "माझी सवत लोखंडाची," काकी सगळ्यांना सांगायच्या, "पण मेलीचं तोंड मी बघितलं नाय कधी." मग काकींची किडनी गेली. तुझी काय इच्छा आहे, असं आप्पांनी विचारलं. लोक अशा वेळी काशी मागतात. काकी म्हणाल्या, सवतीवर एकदा बसवा मला.

झालं. आप्पांच्या डोक्यात मोटर शिरली. रणगाड्याला स्टीअरिंग नसतं. एका बाजूचा पट्टा धरायचा, दुसऱ्या बाजूचा ओढायचा, की तो वळतो. जमीन पट्ट्यांना सोडत नाही, मोटर नेहमीच्या तिप्पट करंट मागते आणि बॅटरीच्या तोंडाला फेस येतो. "सरळ काय, गाढवपण जातं," आप्पा म्हणायचे. "वळताना कळतं मोटर कशी आहे ती." आणि बॅटरीबद्दल म्हणायचे, "ही शिदोरी रे. निघताना सगळ्यांचीच भरलेली असते. परतताना किती उरली ते बघ."

पहिल्या मोटरी त्यांनी भंगारातल्या बसच्या वायपरच्या आणल्या. ओटीवरच्या गुळगुळीत लादीवर रणगाडा नवरीसारखा चालला. अंगणातल्या तांबड्या मातीत वळवला मात्र, असा धूर निघाला की भाट्याच्या खाडीत होड्यांनी भरदिवसा दिवे लावले. खिडकीतून काकींनी विचारलं, "काय ओ, लढाई संपली?"

तेवढ्यात डोंबिवलीच्या लेकीने आईसाठी बॅटरीवर चालणारी खुर्ची पाठवली. आप्पा खुर्चीभोवती दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी खुर्ची होती, चाकंही होती, मोटरी नव्हत्या. गिअरच्या मोटरी, कमी वेगाच्या, दांडग्या जोराच्या, माणूस वाहायला म्हणूनच केलेल्या. लेक फोनवर आधी ओरडली, मग रडली आणि शेवटी मला म्हणाली, तुम्ही तरी बाबांना समजवा. मी मोठ्या रुबाबात गेलो. आप्पांशी बोलायची वेळच आली नाही.

"विनू," काकी म्हणाल्या, "चाकाची खुर्ची हॉस्पिटलात पण मिळते. रणगाड्यावर कोण बसवणाराय मला?"

मी चहा पिऊन परत आलो.

मग बॅटऱ्या. मागे बॅटऱ्या, पुढे बैठक, असा आप्पांचा हिशेब होता. दोन्हीकडचं वजन जमलं की गाडी हिसका देत नाही. "माणूस साठ किलो धर," म्हणून त्यांनी दोन मोठ्या बॅटऱ्या पसंत केल्या, पण नेल्या नाहीत. काही आठवड्यांनी आले आणि म्हणाले, जरा लहान बघू. पन्नास धर. मी माझ्या स्वभावाने बोलून गेलो की आप्पा, काकींना उपाशी ठेवता काय. ते हसले नाहीत. लहान बॅटरी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले, आणि तीही न घेता गेले. पावसाळा सरता सरता पुन्हा आले. पंचेचाळीस धर, म्हणाले. या वेळी मी विचारलं नाही. डायलिसिस कसं चाललंय हे मला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. आप्पा कुठल्या फळीकडे बोट दाखवतात त्यावरून कळत होतं.

दिवाळीच्या तोंडावर ते घाईघाईने आले. "त्या मोठ्याच दे. साठ धर."

मी लहान बॅटरीकडे बोट दाखवलं.

"भरेल रे ती परत," आप्पा म्हणाले. "आज पेज प्यायली. वाटीभर."

मी म्हटलं, मोठ्याच बऱ्या, नंतर बदलायची कटकट नको. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा या तालुक्यात नाही, पण इतकं चटकन मला कधी सुचलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आप्पांनी काकींना शालीत गुंडाळून उचलून आणलं आणि बैठकीवर बसवलं. स्वतः रिमोट घेऊन शेजारून चालू लागले, परेडला चालावं तसे ताठ. रणगाडा गेटापर्यंत सरळ गेला. तुळशीपाशी वळायचं होतं. पट्ट्यांनी माती खरवडली, मोटरी नुसत्या गुरगुरल्या आणि गाडी अलगद वळली. काकींनी तोफेची नळी धरली होती. त्यांनी ती हाताने चाचपून पाहिली.

"हिच्यापायी तिकडे राहिलात एवढी वर्षं?"

"हो," आप्पा म्हणाले.

काकींनी नळीवर एक थाप मारली. मग म्हणाल्या, "बरी आहे. अजून एकदा वळवा."

शिमग्याच्या आधी त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर मी गेलो तेव्हा अंगणात मांडव सोडायचं काम चाललं होतं आणि रणगाडा वाटेत येत होता. आप्पांनी रिमोट घेऊन तो हलवला. रिकाम्या गाडीचं तोंड उचललं गेलं, पट्टे मातीवर सैरभैर झाले, आणि वळताना तिने असा हिसका दिला की ती अंगणाच्या दगडी गडग्यावरच जाऊन आदळली. मी म्हटलं, आप्पा, लहान बॅटऱ्या देतो, बदलून टाकू. ते गडग्यापाशी गेले, जांभ्याचा एक निखळलेला चिरा उचलला, छातीशी धरून आणला आणि बैठकीवर ठेवला.

दुसरा चिरा आणायला मी वळलो.

"नको," आप्पा म्हणाले.

त्यांनी रिमोट धरला. रणगाडा सावकाश तुळशीपाशी गेला आणि अलगद वळला, त्या सकाळी वळला होता तसाच.

"एवढीच राहिली होती रे ती," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी तो पुन्हा एकदा वळवला.