धुळवडीचा ग्लास आणि ओला स्लॅब

“पेशंट कोण?” मी विचारलं.

“डॉक्टरसाहेब, हा तुमचा पंखा मलाच हात करून राह्यला!” रामकिसनभाऊ म्हणाले आणि हसता हसता खुर्चीवरून घसरले. भोकरदनात निम्मी घरं बांधलेला हा ठेकेदार नखशिखांत गुलाबी झाला होता.

“ह्यांचं सोडा. पोरीला बघा,” त्यांची बायको म्हणाली. “उद्या दहावीचा गणिताचा पेपर हाय तिचा.”

वर्षा भिंतीला चिकटून बसली होती. हात गार, छातीत धडधड. “काका, मला काहीच आठवंना. मी येडी होऊन राह्यले का?”

धुळवडीची दुपार होती आणि थंडाईत भांग. पोरगी पेपरला घाबरते म्हणून बापानंच ग्लास दिला होता. “माझं डोकं कसं थंड होतं! तिचंबी होईल म्हणलं.”

माझी बायको सुधा दवाखान्यात नर्स होती. तिनं वर्षाला आतल्या खोलीत निजवलं आणि हात धरून बसली. मी अधूनमधून नाडी, बीपी बघत होतो. भांग उतरवणारं इंजेक्शन नसतं. पोटातून गेलेली भांग उशिरा चढते, उशिरा उतरते. तोवर धीर द्यायचा, लक्ष ठेवायचं.

बाहेर भाऊ वजनकाट्यावर चढले. “वहिनी, पळा! काटा मला गुदगुल्या करून राह्यला!”

आत सुधाला हसू फुटलं. मग वर्षालाही. सुधा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर शांत असतं, पण तिचं ते हसू अजून ऐकू येतं.

संध्याकाळी भाऊ भानावर आले. “मंग मला मजा अन् तिला तरास, असं कसं?”

“नव्या स्लॅबखालचे टेकू, ती सेंट्रिंग, कधी काढता?” मी विचारलं.

“पक्का झाल्यावर. जल्दी काढली तं बसंल की खाली.”

“या वयात मेंदू तसाच ओला असतो. आठवण, विचार यांची जोडणी चालूच असते. भांग तुम्हालाही बरी नाहीच. पण तिला सवय लागली तर नुकसान जास्त, आणि ते पुरतं भरून येईलच असं नाही.”

“एका ग्लासानं?”

“एकानं स्लॅब पडत नाही. दुसरा देऊ नका.”

भाऊ उठले आणि आतल्या खोलीत पोरीपाशी जाऊन बसले.

वर्षानं जड डोक्यानं पेपर दिला. एक प्रमेय राहिलं. पास झाली, पण वर्गातला पहिला नंबर गेला. बापाच्या डोक्याच्या मापानं लेकीचा ग्लास भरू नये, इतकंच.

पुढच्या धुळवडीला भाऊ थंडाई घेऊन आले. सुधानं तांब्या हुंगला.

“बिलकुल साधी हाय, वहिनी. पोरीची सेंट्रिंग निघायचीय अजून.”

“आणि तुमचा स्लॅब?”

“पक्का हाय. पण गळून राह्यला ना!”