जगदेवीची बैठक

मुरुमची जगदेवी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेली, तोल गेला आणि थेट अंगणात आदळली. मणक्यातल्या नसा चेचल्या, कमरेखालचं सगळं बधीर. सोलापूरला ऑपरेशन झालं. घरी आली तोवर गल्लीनं ठरवूनच टाकलं होतं, बाई आता खाटेची झाली. ठरवणारे हे कोण लागून गेले? जगदेवीला एकच पाहिजे होतं: पाठीला टेकू न घेता बसून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन सकाळची पूजा करायची.

"निजूनच करा की," जाऊ महेश्वरी म्हणाली. "देव काय रागावतोय?"

"देव न्हाय, म्या रागावीन."

सासू कस्तुराबाईंचा वेगळाच हट्ट. बाळंतिणीला द्यावं तसं दोन्ही वेळेला वाटीभर साजूक तूप. मणक्याला वंगण मिळालं की पाय हलतील, अशी त्यांची समजूत. माया खरी, म्हणून जगदेवी चार महिने मुकाट प्याली. अंग असं सुटलं, की हातांवर जोर देऊन उठून बसणंही होईना.

तपासणीला तुपाचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जखमेत शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी येतात. तुटलेल्या नसांवरचं चरबीचं वेष्टन खातात. ती चरबी पचली नाही, तर फुगून तिथंच अडून बसतात. सूज राहते, नस भरून येत नाही. ती पचवायची कशी, यावर संशोधन चाललंय. औषध अजून हातात नाही."

"म्हणजे पंगत जेवली अन् उठंचना," जगदेवी म्हणाली.

"तसंच. वाटीतलं तूप मात्र तिथं वंगण होत नाही. त्यानं वजन वाढलंय, आणि ते तुमच्याच हातांना उचलायचंय."

घरी येताच तिनं वाटी परत केली. "आत्याबाई, तुमची माया मला कळती. पण ही वाटी आता बंद." कस्तुराबाईंनी ती फडताळात आपटून ठेवली.

मग रोज घोंगडीवर बसायचं आणि कलंडायचं. गाल सोलवटला. चुकचुकायला आलेल्या शेजारणींना तिनं सरळ दार दाखवलं.

तीन महिन्यांनी एका सोमवारी ती कपाळाला विभूती लावून भिंतीपासून हातभर पुढं सरकली. लिंग तळहातावर घेतलं. कंबर डुगडुगली. पाठीला कस्तुराबाईंचा हात लागला.

"हात काढा, आत्याबाई."

"पडशील गं."

"पडले तर माझी म्या उठीन."

हात निघाला. पूजा पुरी होईस्तोवर जगदेवी बसली. पाय होते तसेच पडून होते.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी कस्तुराबाईंनी आपली घोंगडी आणून तिच्या शेजारी अंथरली.